रस्त्याच्या आधी बाग

श्रोतेहो, नमस्कार.

विकास आराखड्याच्या नकाशावर आपल्या वस्तीजवळ हिरवा चौकोन दिसला, की इथे बाग होणार असं आपण धरून चालतो. फ्लॅट विकणाराही तो चौकोन बोटाने दाखवतो. पण तो चौकोन म्हणजे बाग नव्हे. ही जमीन पुढच्या दहा वर्षांत आम्ही घेऊ, असं महापालिकेने स्वतःला घातलेलं ते बंधन आहे. यालाच आरक्षण म्हणतात. जमीन अजून शेतकऱ्याचीच असते, सातबारा त्याच्याच नावावर असतो, आणि बऱ्याचदा तिथे ज्वारी किंवा पत्र्याचं गोदाम उभं असतं. नकाशातल्या आणि प्रत्यक्षातल्या बागेमध्ये जे घडतं, किंवा घडत नाही, त्याविषयी आज बोलू.

आधी हिशेब किती जमिनीचा आहे ते पाहू. शहर नियोजनाच्या २०१४च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. म्हणजे एक लाख वस्तीला १०० हेक्टर, सुमारे २४७ एकर. एवढी जमीन भरलेल्या शहरात कुठून आणणार? ती मिळते फक्त कडेला, जिथे शहर अजून पोचलेलं नाही तिथे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३ आली, आणि क्षेत्रफळाने ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. पुढे त्यातली दोन गावं वेगळी काढण्याचा निर्णय झाला, तरी शहर दुपटीच्या घरात वाढलंच. अशा गावांत आज जी जमीन एकरात मोजली जाते, तीच पाच वर्षांनी गुंठ्यात आणि दहा वर्षांनी चौरस फुटात मोजली जाते. बागेसाठी जमीन घ्यायची ती एकरात मोजली जाते तोवरच.

हे काही नवीन शहाणपण नाही. मुंबईचं शिवाजी पार्क घ्या. माहीमच्या नगररचना योजनेत ते मैदान मोकळं ठेवलं गेलं आणि १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ साली, अवंतिकाबाई गोखले नगरसेविका असताना त्यांच्या पुढाकाराने, शिवाजी पार्क हे नाव आलं. आज मैदानाभोवती ज्या इमारती दिसतात त्यांतल्या बहुतेक त्यानंतरच्या, १९३०-४०च्या दशकांतल्या. मैदान आधी आणि घरं नंतर, म्हणून २८ एकर राहिले. हाच क्रम उलटा असता तर त्या भागात आज २८ गुंठेसुद्धा सुटले नसते.

आता कायदा. महाराष्ट्रात हा सगळा कारभार १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने चालतो. बोलताना सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. आरक्षणाची जमीन ताब्यात घेण्याचे तीन रस्ते त्याच्या कलम १२६मध्ये आहेत. मालकाशी ठरवून रोख पैसे द्यायचे; पैशांऐवजी वाढीव बांधकामाचा हक्क, म्हणजे उरलेल्या जमिनीवर वापरायचा एफएसआय किंवा दुसरीकडे नेता येणारा टीडीआर द्यायचा; नाही तर सरकारकडे अर्ज करून सक्तीने भूसंपादन करायचं. तिन्ही रस्ते कागदावर सरळ आहेत. खड्डे कुठे आहेत ते एकेक पाहू.

रोख पैशांपासून सुरुवात करू. १ जानेवारी २०१४पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारभाव ठरवताना शेजारच्या जमिनींचे मागच्या तीन वर्षांतले नोंदणीकृत व्यवहार काढतात. त्यांतले जास्त किमतीचे निम्मे व्यवहार घेऊन त्यांची सरासरी काढतात. ही सरासरी आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर यांतला जो आकडा मोठा, तो धरतात. शहरी भागात त्यावर तेवढीच रक्कम दिलासा रक्कम म्हणून मिळते, आणि निवाडा होईपर्यंत वर्षाला १२ टक्के वेगळे. समजा ४० गुंठ्यांचं, म्हणजे एक एकराचं, ४,०४७ चौरस मीटरचं उद्यान आहे. दर चौरस मीटरला २०,००० रुपये धरला तर किंमत ८ कोटी ९ लाख, आणि दिलासा रकमेसह १६ कोटी १९ लाख. तोच दर ५०,००० झाला की हीच जमीन ४० कोटी ४७ लाखांना पडते. बाग तेवढीच, झाडं तेवढीच, आणि वरचे २४ कोटी केवळ उशिराचे.

दर २०,००० वरून ५०,००० वर नेतं कोण? बहुतेक वेळा महापालिका स्वतःच. विकास आराखड्यातला २४ मीटरचा रस्ता ती आधी करते, पाण्याची लाइन टाकते, पथदिवे लावते. रस्ता झाला की दोन्ही बाजूंचे व्यवहार चढ्या भावाने नोंदले जातात. नेमके तेच व्यवहार बागेच्या जमिनीची किंमत ठरवायला समोर येतात. स्वतःच्या पैशाने रस्ता करून स्वतःच्याच खरेदीचा भाव वाढवायचा, असा हा प्रकार आहे. म्हणून ज्या भागात रस्त्याचं काम अंदाजपत्रकात आलं आहे, त्या भागातली उद्यानं आणि क्रीडांगणं त्याच्या आधी ताब्यात घ्यावीत. रस्त्याला लोकांचा रेटा असतो, रोजच्या कोंडीत अडकलेला माणूस ओरडतो. न झालेल्या बागेत अडकून कोणी पडत नाही, त्यामुळे बागेसाठी ओरडायला कोणी नसतं.

मग टीडीआर का देत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. तिजोरीतून दमडीही जात नाही! देतात की. नियमाप्रमाणे दाट वस्तीच्या गावठाण भागाबाहेर जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो. ४,००० चौरस मीटर दिले की ८,००० चौरस मीटरचं विकास हक्क प्रमाणपत्र. ऐकायला छान वाटतं. पण तो टीडीआर दुसरीकडे वापरताना दोन्ही ठिकाणच्या रेडी रेकनर दरांचं गुणोत्तर लागतं. जमीन दिली तिथला दर १०,००० आणि इमारत बांधायची तिथला दर ४०,००० असेल, तर ८,०००चे उरतात २,०००. कडेच्या गावातला शेतकरी हे गणित बिल्डरपेक्षा लवकर करतो. रस्ता होऊ दे, रेकनर वाढू दे, मग बघू, असं तो म्हणतो. आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हणालो असतो. महापालिकेला लवकर घेण्यात फायदा आणि मालकाला उशिरा देण्यात. या एका ताणात निम्मी आरक्षणं अडकतात, असं म्हटलं तरी चालेल.

मोबदला फारच कमी ठेवला तर काय होतं, याचं पुण्यातलं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. १९९७ साली शहरात आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, ते साडेनऊशे हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर. बीडीपी हे त्याचं चलनातलं नाव. वर्षानुवर्षं वाद झाल्यावर २०१५ साली सरकारने ते कायम केलं आणि मोबदला ठरवला ८ टक्के टीडीआर. म्हणजे एक हेक्टर टेकडी दिली तर ८०० चौरस मीटर, जिथे सपाटीवरच्या एक हेक्टर उद्यानाला २०,००० मिळतात. टेकडीवर एरवीही फारसं बांधता येत नाही, त्यामुळे तिचा भाव सपाटीइतका नसावा हे खरं. पण पंचवीसपट फरक मालकाच्या गळी उतरणं कठीणच. आरक्षण टिकलं हे महत्त्वाचं आहे, कारण टेकड्या वाचवायच्या तर ते हवंच होतं. मात्र हिरवा रंग राहिला आणि ताबा रखडला, की रिकाम्या उतारावर रातोरात पत्र्याच्या शेड उगवतात.

जाता जाता एक गल्लत दूर करू. तुमच्या सोसायटीच्या लेआउटमधली मोकळी जागा आणि सार्वजनिक उद्यान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती तिथल्या रहिवाशांसाठी असते, गेटच्या आत असते, पलीकडच्या चाळीतल्या मुलाला तिथे खेळता येत नाही. वॉर्डात इतकी हिरवळ आहे, असं सांगताना हे दोन आकडे कोणी एकत्र केले, तर वेगळे करून मागा.

आता सगळ्यात नाजूक भाग, कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक आपल्या हक्काच्या कागदपत्रांसह महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली गेली नाही, किंवा संपादनाची घोषणा राजपत्रात आली नाही, तर आरक्षण संपतं. जमीन मोकळी होते आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, २००९ साली बारा झाली, २०१५ साली चोवीस. तरीही ती पुरत नाही, याचं कारण कायद्यात नसून आवक-जावक खात्यात असतं. नोटीस येते, शिक्का बसतो, मग ती बांधकाम परवानगीकडून मालमत्ता विभागाकडे, तिथून भूसंपादन विभागाकडे फिरते. कागद योग्य टेबलावर पोचेपर्यंत चोवीसातले सात-आठ महिने सरलेले असतात. पुढे मुख्य सभेचा ठराव होतो, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं, आणि सगळ्यांना वाटतं आपण पावलं उचलली. पण सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या निकालात हे बजावून ठेवलं आहे की ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे संपादनाची पावलं नव्हेत. राजपत्रातली घोषणा लागते, आणि ती चोविसाव्या महिन्याच्या आत लागते.

म्हणून उलटं मोजत यावं. घोषणा विसाव्या महिन्यापर्यंत छापून यायची असेल, तर प्रस्ताव आणि आगाऊ भरायची रक्कम बाराव्या महिन्यापर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयात पोचायला हवी. त्याआधी संयुक्त मोजणी हवी, आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणीची तारीख पावसाळ्यात आली तर ती पुढे जाणारच हे धरून ठेवायला हवं. त्याआधी पैशांची तरतूद, म्हणजे नोटीस ज्या वर्षी आली त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात. हे जमायचं तर नोटीस आली त्या आठवड्यातच फाइल उघडली पाहिजे. प्रत्येक आरक्षणाची एक ओळ, आराखड्याची तारीख, दहा वर्षं कधी भरतात, नोटीस कधी आली, चोवीस महिने कधी संपतात, एवढी साधी नोंदवही ठेवली तरी कित्येक बागा वाचतील. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१७च्या जानेवारीत मंजूर झाला. त्या वेळी कायम झालेल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७च्या सुरुवातीला भरतात. मुंबईचा आराखडा २०१८ साली अमलात आला, तिथे २०२८. या दोन तारखांनंतर आवक खात्यात काय येईल हे सांगायला ज्योतिषी नको.

जमीन घेताना कागदपत्रांत काय अडतं? सातबाऱ्यावर एक नाव आणि प्रत्यक्षात अठरा वारस, ही सर्वांत नेहमीची अडचण. बहिणींची नावं लागलेली नसतात, एखादा चुलता बेपत्ता असतो, फेरफार तलाठ्याकडे पडून असतो. सतरा जणांच्या सह्या घेऊन ताबा घेतला आणि अठरावा कोर्टात गेला, की बागेचं काम थांबलं. दुसरी अडचण इतर हक्काच्या रकान्यात दडलेली असते: कूळ, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, भोगवटादार वर्ग २चा, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचा, शेरा, वतनाची जमीन. यांतल्या काही जमिनींना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती मागायला वेळ लागतो. म्हणून मोबदल्याची बोलणी सुरू करण्याआधी निदान तीस वर्षांचे फेरफार काढून वाचावेत.

तिसरी चूक मात्र निव्वळ आळसाची. ताबा घेतला, ताबा पावती फाइलला लागली, टीडीआरही दिला, पण सातबाऱ्यावर महापालिकेचं नावच चढवलं नाही. वीस वर्षांनी मूळ मालकाचा नातू तीच जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकतो. घेणाऱ्यांची घरं उभी राहतात, आणि महापालिकेच्या हातात उरते ती पिवळी पडलेली पावती. ताबा पावती, मोजणीची क प्रत आणि नाव बदललेला सातबारा हे तिन्ही कागद एकत्र दिसल्याशिवाय टीडीआरचं प्रमाणपत्र सहीला जाऊ नये.

कोणती जमीन निवडावी, यावरही थोडं बोललं पाहिजे. आराखडा आखताना जो तुकडा दुसऱ्या कशाच्याच कामाचा नाही, तो उद्यानाला द्यायची खोड असते. नाल्याकाठची पट्टी, हायटेन्शन वायरीखालचा पट्टा, एकास पाचपेक्षा तीव्र उतार. तिथे झाडं जरूर लावावीत, पण लहान मुलं आणि म्हाताऱ्यांसाठी त्या बागा नव्हेत. घरापासून पायी पाच-सात मिनिटांवर, सपाट, निदान दोन बाजूंनी रस्ता असलेली जागा बागेला चालते. एकच बाजू रस्त्याला आणि बाकी तीन इमारतींच्या पाठी असतील तर अंधार पडल्यावर तिथे कोणी जात नाही. आकाराचंही गणित आहे. एक एकराचा चौरस तुकडा म्हणजे साधारण ६४ बाय ६४ मीटर, त्याचं कुंपण २५४ मीटर. दर तीन मीटरला एक धरून ८५ पोल लागतात. तोच एकर २० मीटर रुंदीच्या लांब पट्टीत घेतला, तर कुंपण ४४५ मीटरच्या घरात जातं आणि पोल होतात १४८. शिवाय तेवढ्या लांब हद्दीवर कुठून कोण आत सरकलं, हे एका पहारेकऱ्याला दिसत नाही.

कुंपणाची ही चर्चा क्षुल्लक वाटत असेल, तर राडारोड्याचा हिशेब ऐका. मोकळी, उघडी, कोणाची ते न कळणारी जागा दिसली की पाडलेल्या इमारतींचा माल रात्री तिथे ओतला जातो. एका एकरावर एक फूट थर म्हणजे ४३,५६० घनफूट, म्हणजे ४३५ ब्रास. चार ब्रासच्या डंपरने उचलायचा झाला तर १०९ खेपा. आणि थर एका फुटावर थांबत नाही. शिवाय सिमेंट, टाइल, प्लास्टिक मिसळलेल्या त्या भरावावर झाड धरत नाही. वरून किमान दोन फूट चांगली माती आणावी लागते, तीही कुठल्या तरी शेतातून. टीडीआरच्या नियमात याची तजवीज आहे: मालकाने जमीन सपाट करून, दीड मीटर उंचीची भिंत किंवा कुंपण आणि फाटक लावून द्यायची. ती अट कागदावर पूर्ण दाखवून भागवली की पुढचा खर्च महापालिकेच्या, म्हणजे आपल्या माथी.

ताबा मिळाल्यावर लगेच कारंजी आणि लॉनचा आराखडा करत बसू नये. त्या मंजुरीत दोन-तीन वर्षं जातात आणि तेवढ्यात जागा जाते. पहिल्या महिन्यात हद्दीचे दगड, कुंपण, फाटक आणि सर्व्हे नंबर लिहिलेला फलक. पहिल्या पावसाळ्यात कडेने वड, पिंपळ, करंज, कडुनिंब, तीन-चार फुटी रोपं, मोठ्या झाडांत सहा-सात मीटर अंतर ठेवून. मध्ये मुरमाची पायवाट, एक नळ, चार बाक. एवढ्यावर फाटक उघडावं. सकाळी पन्नास माणसं फिरायला यायला लागली की त्या जागेला पन्नास पहारेकरी मिळतात.

खासगी जमिनीच्या आधी सरकारी जमीन पाहावी, हेही सांगायला हवं. नव्याने आलेल्या गावांत गायरानं असतात. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही गायरानं सार्वजनिक कामांखेरीज देऊ नयेत असा निर्णय काढला. तिथे वारसांची रांग नसते, सक्तीचं संपादनही नसतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे वेळेत मागणी मात्र करावी लागते, कारण त्याच गायरानावर डेपो, उपकेंद्र आणि इतर खात्यांचा डोळा असतो.

दुसरा मार्ग नगररचना योजनेचा, ज्याने शिवाजी पार्क मिळालं. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि बागा काढून घ्यायच्या, उरलेली जमीन नीट आकाराचे भूखंड पाडून प्रत्येकाला परत द्यायची. एकाच शेतकऱ्याच्या सगळ्या शेतावर बाग पडली आणि शेजाऱ्याच्या शेतावर टॉवर, हा अन्याय यात टळतो. शेजारच्या गुजरातने १९७६च्या आपल्या कायद्यात अशा योजनेसाठी रस्त्यांना १५ टक्के आणि बागा, मैदानं, मोकळ्या जागांना ५ टक्के असे आकडेच लिहून ठेवले आणि अहमदाबाद त्या पद्धतीने वाढलं. आपल्याकडे ही पद्धत १९१५च्या कायद्यापासून होती, मध्ये मागे पडली. आता पुण्याभोवती म्हाळुंगे-माणसारख्या भागात पुन्हा आली आहे.

शेवटी, श्रोत्यांनी काय करायचं? नवा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा राजपत्रातल्या सूचनेपासून हरकतींना ठरावीक दिवसच असतात. आमच्या भागात बाग हवी, असं मोघम लिहू नका. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि क्षेत्र लिहा. मंजूर आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७खाली जाहीर सूचना येते, तिथे एक महिना मिळतो. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात असते. बेंगळुरूच्या राजमहाल विलास भागात बागेचा भूखंड खासगी रुग्णालयाला दिला गेला होता. रहिवाशांनी हरकत घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तो निर्णय टिकू दिला नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून मोजकंच विचारा: माझ्या प्रभागातल्या उद्यान आणि क्रीडांगणाच्या आरक्षणांपैकी किती जागांचा ताबा घेतला, त्यांतल्या कितींच्या सातबाऱ्यावर महापालिकेचं नाव लागलं, आणि कलम १२७च्या किती नोटिसा कोणत्या तारखेला मिळाल्या. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्यायला विसरू नका. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं की आधी नोटिसांच्या तारखा पाहा, आणि प्रत्येक तारखेत चोवीस महिने मिळवून कॅलेंडरवर खूण करा.

नमस्कार.